मुंबई 27, नागपूरही 27: मग फरक कशाचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू म्युनिकहून कायमचे परत येताहेत. मुलाला मुंबईतही नोकरी मिळतेय आणि नागपुरातही. तुम्ही नेटवर शोधलंत तर दोन्ही शहरांचं वार्षिक सरासरी तापमान जवळपास एकच निघालं, 27 अंशांच्या आगेमागे. मग नागपूर म्हटलं की सगळे "बाप रे" का म्हणतात, आणि पोराला झेपेल अशी हवा नेमकी कुठली?

तुम्हाला मिळालेला आकडा बरोबर आहे. फक्त तो तुमच्या कामाचा नाही. मी तीस-एक वर्षं वेधशाळेत निरीक्षणं घेतली. सुरुवातीची वर्षं विदर्भात गेली, मधली मुंबईत आणि शेवटची पुण्यात शिवाजीनगरला. (तिथल्या आमच्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून तिथे आलं.) एवढ्या वर्षांत "तुमच्या गावाचं सरासरी तापमान किती?" हे शेकडो वेळा ऐकलं. उत्तर देताना दरवेळी आपण समोरच्याला फसवतोय असं वाटायचं.

आधी हा 27 कुठून येतो ते बघा. वेधशाळेच्या आवारात हिरवळीवर एक पांढरी लाकडी पेटी उभी असते, स्टीव्हन्सन पेटी. चारी बाजूंनी झडपांच्या पट्ट्या, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. दार उत्तरेला, उघडलं तरी तापमापकावर थेट ऊन पडू नये म्हणून. आत जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर चार तापमापक: कोरड्या फुग्याचा (फुगा म्हणजे तापमापकाचं खालचं, पारा भरलेलं टोक), ओल्या फुग्याचा, कमाल आणि किमान. कमाल तापमापकातला पारा तापाच्या थर्मामीटरसारखा वर जाऊन अडकून बसतो आणि झटकल्याशिवाय उतरत नाही. किमानमध्ये अल्कोहोल असतं आणि त्यात बुडालेली बारीकशी काडी. थंडी पडत जाते तसं अल्कोहोल त्या काडीला मागे ओढत नेतं आणि पहाटेच्या सर्वांत थंड क्षणाला तिथेच सोडून देतं. या दोन आकड्यांची बेरीज करून दोनानं भागलं की दिवसाची सरासरी. अशा दिवसांची महिन्याची, महिन्यांची वर्षाची, आणि तीस वर्षांची मिळून जी निघते ती 'सामान्य' सरासरी. तुम्ही वाचलेला 27 म्हणजे हजारो पहाटा आणि हजारो दुपारी एकत्र घोटून केलेला लगदा. त्यात ना पहाट उरते ना दुपार.

आता तो लगदा सोडवून बघू. नागपुरात मे महिन्यात कमाल सरासरी साडेबेचाळीसच्या आसपास आणि किमान 28. डिसेंबरात दुपार 28 ची आणि पहाट 12 ची. म्हणजे मेमधली पहाट आणि डिसेंबरातली दुपार एकाच तापमानाची! मुंबईत, सांताक्रूझला, मेमध्ये दुपार साडेतेहतीस आणि पहाट 27; जानेवारीत दुपार 31 आणि पहाट 17. महिन्यांची सरासरी काढली तर नागपूर 20 पासून 35 पर्यंत हिंदकळतं आणि मुंबई 24 ते 30 मध्येच घुटमळते. दोन्हींचा मध्य मात्र 27 वरच येतो. एक माणूस रोज दोन भाकऱ्या खातो, दुसरा एक दिवस उपास करून दुसऱ्या दिवशी चार खातो. सरासरी दोघांची दोनच. पोट कुणाचं बिघडेल ते तुम्हीच ठरवा.

मुंबईला समुद्र सांभाळतो. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. त्यात दुपारी समुद्रावरून वारा सुरू झाला की पारा तिथेच थबकतो. म्हणून मुंबईचा खरा कडक दिवस मेमध्ये फारसा येत नाही. तो फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये येतो, जेव्हा पूर्वेकडून जमिनीवरचा कोरडा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा एरवीपेक्षा दोन-तीन तास उशिरा आत शिरतो. तेवढ्या तासांत पारा सरळ 38-40 गाठतो. सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक 42.2 आहे, 14 एप्रिल 1952 चा. नागपूरला असा कुणी त्राता नाही. चारी दिशांना शेकडो किलोमीटर जमीन, उन्हाळ्यात ती कोरडी ठाक, आणि वायव्येकडून येणारा वारा वाटेत आणखी तापत येतो. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 नोंदलं गेलं.

म्युनिकहून येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट चमत्कारिक वाटते, ती म्हणजे आपला उन्हाळा मध्येच कापला जातो. युरोपात सूर्य जूनमध्ये सगळ्यात वर असतो आणि उष्मा जुलै-ऑगस्टमध्ये शिगेला पोचतो. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मुंबईत एकदा मेच्या मध्याला आणि एकदा जुलैच्या शेवटी, नागपुरात मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला. पहिल्या वेळी आपण होरपळतो. दुसऱ्या वेळी सूर्य तितकाच डोक्यावर असतो, पण त्याच्या आणि आपल्यामध्ये मोसमी ढगांची गोधडी असते, खाली माती भिजलेली असते आणि उन्हाची बरीचशी ताकद ते पाणी सुकवण्यातच खर्ची पडते. नागपूरची 42 ची दुपार जुलैत 31-32 वर उतरते.

पुण्याचं उदाहरण तर मी नव्या निरीक्षकांना मुद्दाम द्यायचो. विचारायचो, पुण्यात ऑगस्टमधली दुपार जास्त गरम की जानेवारीतली? सगळे ऑगस्ट म्हणायचे. प्रत्यक्षात जानेवारीची कमाल सरासरी 30 च्या आसपास आणि ऑगस्टची 28 च्याही आत. थंडीचा महिना पहाटे थंड असतो, दुपारी नसतो. मार्चमध्ये पुण्यात पहाट पंधरा-सोळा आणि दुपार पस्तीस, म्हणजे एका दिवसात वीस अंशांची चढउतार. ऑगस्टमध्ये तीच जेमतेम सहा अंशांची. पाऊस सरला, आकाश मोकळं झालं, जमिनीत ओल अजून आहे आणि वारा पडलाय, की येते ऑक्टोबर हीट. मुंबईत ऑक्टोबरची कमाल सरासरी मेच्या बरोबरीला येऊन बसते. म्हणून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हे आपले तीन ऋतूच हवेचं वर्णन करायला बरे. युरोपातले चार ऋतू इथे बसवायला गेलं की गडबड होते.

इथवर फक्त पाऱ्याबद्दल बोललो. अंगाला जे जाणवतं त्यात निम्मा वाटा बाष्पाचा. मघाशी पेटीतला ओल्या फुग्याचा तापमापक सांगितला ना, तो याचसाठी. त्याच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळलेली असते, वात खालच्या पाण्याच्या कुपीत बुडालेली. पाण्याची वाफ होताना फुगा गार पडतो. हवा जेवढी कोरडी, तेवढा जास्त गार. आपल्या घामाचंही हेच आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच मे महिन्यात विदर्भातल्या एका केंद्रावर मी दुपारची निरीक्षणं घेऊन तक्ता साहेबांपुढे ठेवला. त्यांनी एक नजर टाकली आणि विचारलं, "इथे समुद्र कधी आला?" मी काढलेली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली होती. बाहेर जाऊन बघतो तर कुपीतलं पाणी आटलेलं, वात कडक वाळलेली. ओला फुगा कधीच कोरडा झाला होता आणि बिचारा कोरड्याच्या मागोमाग वर चढत होता. पाणी भरून, पट्टी बदलून पुन्हा वाचलं तेव्हा एकाच पेटीत, वीतभर अंतरावर, एक तापमापक 43 दाखवत होता आणि दुसरा 23. त्या दिवशी मला नागपूरची हवा कळली. आर्द्रता पंधरा टक्के.

मुंबईत मेमधली दुपार घ्या: 34 अंश आणि आर्द्रता पासष्ट टक्के. तिथे ओला फुगा साडेअठ्ठावीसच्या आसपास येतो. पारा नागपूरपेक्षा नऊ अंशांनी खाली, पण ओला फुगा पाच-सहा अंशांनी वर. सावलीत बसलात तर नागपुरात घाम दिसतसुद्धा नाही, निघता निघता वाळतो. मुंबईत तो नुसता ओघळत राहतो आणि अंग काही निवत नाही. म्हणून विदर्भात लोक "ऊन लागलं" म्हणतात आणि मुंबईत "काय उकडतंय". दोन वेगळे त्रास आहेत हे. नागपुरात नकळत अंगातलं पाणी संपतं, मुंबईत आतली उष्णता बाहेर पडत नाही. ओल्या फुग्याचा आकडा 35 ला भिडला तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत फार तास तग धरू शकत नाही. पस्तीस ही कागदावरची कमाल मर्यादा झाली. कष्टाचं काम करणाऱ्याला, म्हाताऱ्यांना, लहानग्यांना त्याच्या कितीतरी आधी धोका सुरू होतो. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानात भर दुपारी बसलेल्या गर्दीतली डझनाहून जास्त माणसं गेली, तेव्हा आसपास पारा 38 च्याच आगेमागे होता. नागपूरकर 38 ला "आज बरं आहे" म्हणतो.

कूलरचं गणितही यातच आलं. नागपुरात एप्रिल लागला की कूलरच्या ताट्या बदलायची गर्दी उडते. वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या भुश्श्याच्या त्या जाड ताट्यांवर पाणी पडतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यातून ओढतो आणि खोलीत 43 ऐवजी 28-30 ची हवा येते. म्हणजे ओला फुगाच, फक्त खिडकीएवढा. तोच कूलर ट्रकात घालून मुंबईला आणलात तर खोली गार व्हायची नाही, पापड मात्र सादळतील. बदली होऊन आलेल्या एका सहकाऱ्यानं हे केलंय, नाव सांगत नाही. नागपुरातही जूनच्या मध्याला पाऊस आला की कूलर नकोसा होतो, चिकचिक वाढते. तिथली जुनी माणसं सूर्य रोहिणीत शिरल्यापासूनचे नऊ दिवस, 25 मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा, मोजून काढतात. त्यानंतर मृगाकडे डोळे. रोहिणी-मृगाच्या हिशेबाला आमच्या तक्त्यात जागा नव्हती, पण वर्षातला सगळ्यात कठीण पंधरवडा कोणता हे त्या हिशेबानं अचूक धरलंय.

रात्रींकडे लोकांचं लक्ष जात नाही, माझं जातं. दिवसा माणूस सावली शोधतो, पाणी पितो, ऑफिसात बसतो. शरीर सावरतं ते रात्री. मुंबईत मेमध्ये पहाटेसुद्धा 27 च्या फारसं खाली उतरत नाही. नागपुरातही त्या महिन्यात 28, आणि स्लॅबच्या घरात वरचा मजला असेल तर दिवसभर प्यायलेलं ऊन तो रात्री दोनपर्यंत ओकत असतो. फरक असा की मुंबईचा चिकट काळ मार्चअखेर ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर, आणि मधल्या काळातही फार मोकळीक नाही. नागपूरचा जाच एप्रिल, मे आणि अर्धा जून. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं नागपूर मात्र, खरं सांगतो, पुण्याच्या तोंडात मारेल असं.

टीव्हीवर 'उष्णतेची लाट' ऐकाल तेव्हा तीही सगळीकडे सारखी मोजत नाहीत हे माहीत असू द्या. मैदानी भागात कमाल 40, किनाऱ्यावर 37 आणि डोंगराळ भागात 30 गाठल्याशिवाय विचारच होत नाही, आणि शिवाय ते त्या दिवसाच्या सामान्यापेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. मैदानात 45 गेलं तर मात्र सामान्य काहीही असो, लाटच. म्हणजे मेमध्ये नागपुरात 44 असेल तर कागदोपत्री ती लाट नसेलही, कारण तिथलं सामान्यच साडेबेचाळीस. कागद काहीही म्हणो, चार वर्षांच्या पोराला दुपारी बाहेर काढायचं नाही.

आणि ते 'सामान्य'सुद्धा सरकतं. आता 1991 ते 2020 या तीस वर्षांची सरासरी पाया म्हणून धरतात, पूर्वी 1981 ते 2010 ची धरायचे. नवा पाया आधीच तापलेला, त्यामुळे त्यावरची वाढ थोडी कमीच दिसते. तरी 2024 साली देशाचं वार्षिक सरासरी तापमान 25.75 अंश निघालं, त्या नव्या पायापेक्षाही 0.65 नं जास्त. 1901 पासूनचं सगळ्यात गरम वर्ष. अर्ध्या-पाऊण अंशानं काय होतं, असं लोक विचारतात. सरासरी एवढीशी हलायला कुठेतरी दहा-पंधरा दुपारी आणि कितीतरी रात्री खूप हलाव्या लागतात. मार्च 2022 देशभर असाच तापला आणि उत्तरेकडचा गहू दाणा भरायच्या ऐन वेळी करपला. त्याच मेमध्ये सरकारला गव्हाची निर्यात बंद करावी लागली.

मोबाइलवरच्या आकड्याबद्दलही तुम्ही विचारलंय: मोबाइल 44 म्हणतो, बातम्या 42. मोबाइलचा आकडा बहुतेक वेळा कुठल्याच तापमापकाचा नसतो. संगणकानं नकाशावर चौकटी आखून काढलेला तो अंदाज. 'जाणवणारं तापमान' त्याहून वेगळं, त्यात बाष्प आणि वारा मिसळलेला. गाडीतला आकडा डांबराच्या वाफेत शिजलेला. यंत्रंही चुकतात. मे 2024 च्या अखेरीला दिल्लीच्या मुंगेशपूरला 52.9 आणि लगोलग नागपुरात स्वयंचलित केंद्रावर चक्क 56 दिसलं आणि गावभर बोंब झाली. दोन्ही ठिकाणी संवेदक बिघडलेला निघाला. देशाचा मान्य उच्चांक अजून राजस्थानातल्या फलोदीचा, 19 मे 2016 चा, 51.0. शहराच्या आतही आकडा फिरतो. हिवाळ्यात पहाटे पुण्यात शिवाजीनगरला एक, मगरपट्ट्याला त्याहून चार-पाच अंश जास्त. तेव्हा घर बघताना शहराचा आकडा बाजूला ठेवा आणि त्या गल्लीत झाडं किती, सिमेंट किती ते बघा.

आता तुमच्या घरचं. मुलाची नोकरी कुठे चांगली ते तुम्ही ठरवा, पण निव्वळ हवेवर विचाराल तर मी नागपूरच्या बाजूनं कौल देईन. अडीच महिने कडक, पण त्यांवर उपाय आहेत: जाड भिंती, कूलर, दुपारी घरात, डोक्याला दुपट्टा, पन्हं. पोराला सर्दी-दम्याची तक्रार असेल, तर मुंबईची बुरशी धरणारी ओल आणि नागपूरची उन्हाळी धूळ या दोन्हींबद्दल आधी बालरोगतज्ज्ञाशी बोला, ते माझं क्षेत्र नव्हे. मुंबई निवडलीत तर एसी लागणारच, आणि घर पश्चिमेकडून वारा येणारं बघा. समुद्राचा वारा तिकडूनच येतो. नागपुरात उलटं, पश्चिमेची भिंत टाळा. घर बघायला सकाळी जाऊ नका. एप्रिलमध्ये दुपारी चारला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. हात पटकन मागे घ्यावासा वाटला तर ते घर सोडा, मग भाडं कितीही कमी असो. वरचा मजला असेल तर गच्चीला पांढरा चुना मारून देणार का, हे मालकाला आधीच विचारा.

येण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर नोव्हेंबर. मेमध्ये उतरू देऊ नका. शरीराला उष्म्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि नोव्हेंबरला आलेल्याला मार्चपासून ती हळूहळू आपोआप लागते. सूनबाई म्हणत असतील की तिकडचे लोकरी कपडे वाटून टाकू, तर नातवाचं एखादं जाड स्वेटर आणि कानटोपी मागे ठेवायला सांगा. 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे नागपुरात किमान 3.5 होतं.